दुखत नाही ना, मग झालं!

'नस दबली' हे वाक्य आपल्या घरांमधून आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतं. मान आखडली, नस दबली. पायात कळ आली, शिरेवर शीर चढली. आणि इंजेक्शन देणारी सिस्टर हात चोळत म्हणते, "यांची नस सापडत नाही हो." म्हणजे रक्त वाहतं ती पण नस आणि खबर वाहते ती पण नस! रक्ताच्या नसेबद्दल आपल्याला बरंच माहीत असतं, बीपी मोजतो, कोलेस्टेरॉल तपासतो, अँजिओप्लास्टीच्या गप्पा लग्नाच्या पंगतीत होतात. दुसऱ्या नसेबद्दल मात्र आपण फारसं बोलत नाही. शाळेच्या पुस्तकात तिला मज्जातंतू म्हणायचे, चेतापेशीची एक आकृती काढून पाच मार्क मिळायचे, आणि विषय संपायचा.

आज तिच्याबद्दल लिहायचं आहे. कारण आमच्या या भागात, म्हणजे बोरगाव मेघे आणि वर्ध्याच्या आसपास, या दुसऱ्या नसेचा जेवढा अभ्यास गेल्या ऐंशी-नव्वद वर्षांत झाला तेवढा फार थोड्या ठिकाणी झाला असेल. आणि तरी आमच्याच घरांमध्ये ते ज्ञान पोचलेलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. का ते सांगतो.

आधी नस म्हणजे काय ते थोडं पाहू. घाबरू नका, पाच मार्कांची आकृती काढायला लावत नाही :)

कोपराच्या आतल्या बाजूचं हाड दारावर आपटलं की करंगळीपर्यंत जी झिणझिणी जाते ती सगळ्यांना माहीत आहे. ती हाडाची करामत नाही. तिथे एक नस कातडीच्या अगदी खालून जाते आणि दणका तिलाच बसतो. दणका कोपरावर, पण मुंग्या करंगळीत! कारण मेंदूला फक्त एवढंच कळतं की 'करंगळीवाल्या नसेकडून' खबर आली. खबर वाटेतच कुठे तयार झाली हे त्याला कळायला मार्ग नसतो.

आपण नसेला विजेची तार म्हणतो, पण ते तितकंसं बरोबर नाही. मला विचाराल तर ती स्लॅब पडतो त्या दिवशीच्या मजुरांच्या रांगेसारखी आहे. खालून वरपर्यंत माणसं उभी असतात आणि घमेलं हातोहात वर जातं. माणूस जागचा हलत नाही, घमेलं पुढे सरकतं. नसेचंही तसंच. पेशीच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूत सुमारे ७० मिलिव्होल्टचा फरक असतो, म्हणजे घड्याळातल्या पेन्सिल सेलच्या साधारण विसाव्या हिश्श्याइतका. बाहेर सोडियम जास्त, आत पोटॅशियम जास्त. एका जागी धक्का बसला की तिथली सोडियमची दारं उघडतात, सोडियम आत घुसतं, फरक उलटा होतो. त्यामुळे शेजारची दारं उघडतात, मग त्याच्या शेजारची. मागची दारं तोवर मिटलेली असतात आणि पोटॅशियम बाहेर जाऊन जागा पूर्ववत करतं. एका ठिकाणचा हा सगळा खेळ एक हजारांश सेकंदाच्या आसपास आटोपतो.

यात गंमत अशी की घमेलं अर्धं भरलेलं कधीच जात नाही. गेलं तर पूर्ण, नाहीतर नाहीच. टाचणी टोचली काय आणि खिळा घुसला काय, प्रत्येक निरोपाचा आकार तोच. जास्त दुखतं तेव्हा निरोप मोठा नसतो, निरोप भराभर येतात आणि जास्त नसांकडून येतात.

काही नसांवर चरबीसारखं एक वेष्टण असतं, मधेमधे उघडी जागा ठेवून. तिथे खबर एका उघड्या जागेवरून दुसऱ्या उघड्या जागेवर उडी मारत जाते, म्हणजे रांगेतले मजूर अंतर ठेवून उभे आहेत आणि घमेलं झेलत आहेत अशी कल्पना करा. या नसांमधून खबर सेकंदाला पन्नास, साठ, काही वेळा शंभर मीटर वेगानेही धावते. वेष्टण नसलेल्या बारीक नसांचा वेग मात्र सेकंदाला जेमतेम एखादा मीटर. ठणक आणि जळजळ कळवणाऱ्या नसा या दुसऱ्या प्रकारातल्या. म्हणूनच पलंगाच्या पायाला अंगठा आपटला की आधी 'आपटलं' हे कळतं, तोंडातून 'आई गं' निघतं, आणि खरी कळ त्यानंतर क्षणभराने येते. आता पुढच्या वेळी आपटाल तेव्हा लक्ष द्या.

पायाच्या अंगठ्यापासून कमरेच्या मणक्यापर्यंत ही खबर आणणारी पेशी एकच असते. तिचं मूळ शरीर मणक्याजवळ, मोहरीच्या दाण्याहूनही कितीतरी लहान, आणि तिचा धागा थेट अंगठ्यापर्यंत, म्हणजे उंच माणसात जवळजवळ एक मीटर. मणक्यात पोचल्यावर ती पुढच्या पेशीला चिकटत नाही. मधे एक फट असते, मिलिमीटरच्या पन्नास हजाराव्या भागाएवढी. तिथे आल्यावर ही पेशी रसायनाच्या बारीक पिशव्या फटीत रिकाम्या करते, पलीकडची पेशी ते रसायन ओळखते आणि पुन्हा नवी खबर सुरू होते. तापलेल्या तव्याला हात लागला तर मेंदूची परवानगी न घेता मणक्यातूनच 'हात उचल' असा हुकूम सुटतो. हात मागे येतो आणि मग आपल्याला कळतं की भाजलं.

हे सगळं रात्रंदिवस चालू असतं आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. पत्ता लागतो तो रांगेतला मजूर खाली बसला की.

आता वर्ध्याकडे येऊ.

वरोऱ्याचं आनंदवन सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. त्याच्याही आधी, १९३६ साली, विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केलं. १९३९ मध्ये परचुरे शास्त्री सेवाग्रामला आले. संस्कृतचे मोठे पंडित, अंगावर कुष्ठरोग, कुठे जागा नाही. गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतलं आणि स्वतःच्या हातांनी त्यांच्या अंगाला मालिश केलं. तो फोटो तुम्ही पाहिला असेल. १९५१ मध्ये गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन स्थापन झालं, त्याचं मुख्य कार्यालय वर्ध्यातच, हिंदीनगरला. तिथल्या डॉ. वर्देकरांनी रोगी दवाखान्यात येण्याची वाट पाहत बसायचं नाही असं ठरवलं. घरोघर जाऊन तपासायचं, लोकांना समजावून सांगायचं आणि घरीच ठेवून औषध द्यायचं. पाहणी, शिक्षण, उपचार. ही पद्धत पुढे देशभर गेली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बहुविध औषधोपचार, ज्याला सगळे एमडीटी म्हणतात, भारतात आला तेव्हा ज्या जिल्ह्यांपासून सुरुवात झाली त्यात वर्धा होता.

आणि कुष्ठरोग हा मुळात नसांचा आजार आहे. लोक त्याला कातडीचा समजतात, कारण चट्टा कातडीवर दिसतो. १८७३ मध्ये नॉर्वेच्या हॅन्सेनने ज्याला शोधलं तो जंतू नसेभोवतीचं वेष्टण तयार करणाऱ्या पेशींमध्ये घर करतो. त्याला थंड जागा आवडते. म्हणून कातडीजवळून जाणाऱ्या नसा तो आधी धरतो: कोपराची तीच करंगळीवाली नस, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची, घोट्याच्या आतली, डोळ्यांजवळची. तो वाढतोही इतका सावकाश की एकाचे दोन व्हायला त्याला बारा ते चौदा दिवस लागतात. मग शरीर त्याच्याशी लढायला लागलं की नस सुजते, दबते, आणि खबर थांबते. आधी गरम-गार कळेनासं होतं, दुखणं कळेनासं होतं, मग स्पर्श जातो, मग स्नायूंकडे जाणारा हुकूमही पोचत नाही आणि बोटं वाकडी होतात.

'बोटं झडतात' असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. बोटं झडत नाहीत. जंतू बोट खात नाही. ज्या हाताला भाजलेलं कळत नाही तो हात उकळत्या चहाचं भांडं तसंच धरून ठेवतो, बिडी बोटांपर्यंत जळत येते, फोड येतो, जखम होते. जखम दुखत नाही म्हणून त्याच हाताने माणूस कुदळ मारत राहतो. मग जखम चिघळते, हाडापर्यंत जाते, हाड झिजतं आणि बोट आखूड होतं. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या शेवटापासून हे नीट तपासून दाखवलं. त्यांच्या काही रोग्यांची बोटं रात्रीतून कमी झालेली दिसायची. पाळत ठेवली तेव्हा कळलं की झोपेत उंदीर कुरतडत होते आणि माणसाला जाग येत नव्हती. मग रोग्यांना मांजरी देण्यात आल्या!

पुढे अमेरिकेत याच ब्रँडसाहेबांनी कृत्रिम वेदना तयार करण्याचा प्रयत्न केला. हातमोज्यात दाब मोजणारी यंत्रं बसवली, जास्त दाब पडला की आवाज होईल अशी सोय केली. लोकांनी आवाजाकडे दुर्लक्ष केलं. मग बारीक शॉक देऊन पाहिला. काम पुरं करायचं असलं की लोक स्विच बंद करायचे. प्रयोग सोडून द्यावा लागला. मला ही गोष्ट फार बोलकी वाटते. खऱ्या दुखण्याला स्विच नाही हाच त्याचा गुण आहे. आपण ज्याच्यापासून सुटका मागतो ती गोष्ट रोज शंभर वेळा आपले हातपाय वाचवत असते.

आता माझ्या मुद्द्यावर येतो. आमच्या वस्तीत बांधकामावर जाणारे एक गृहस्थ होते, गवंडी. दंडावर फिकट चट्टा, त्यावर केस नाहीत, घाम नाही. दोन वर्षं तसाच. कोणीतरी म्हटलं दाखवून घ्या, तर उत्तर, "दुखत त नाई ना जी, मंग कायले जाऊ?" नंतर करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळायला लागलं, थापी हातात टिकेना, तेव्हा गेले. औषधाने जंतू गेले. पण दोन बोटं सरळ झाली नाहीत. औषध जंतूला मारतं, मेलेली नस परत आणत नाही. बधिरपण नवीन असेल, साधारण सहा महिन्यांच्या आतलं, तर स्टेरॉइड देऊन नस वाचण्याची बरीच शक्यता असते. त्यानंतर ती कमी कमी होत जाते.

म्हणजे सगळा खेळ वेळेचा आहे, आणि वेळ कळवणारी घंटाच बंद पडलेली असते. "दुखत नाही ना, मग झालं!" हे आपल्याकडचं सगळ्यात महागडं वाक्य आहे असं मी म्हणतो ते यासाठी. मूल पडलं की आपण विचारतो, दुखतंय का? नाही म्हणालं की सोडून देतो. म्हातारी माणसं तर दुखत नाही ही फुशारकीची गोष्ट समजतात. दुखत नाही याचे अर्थ दोन असतात. एक, तिथे काही बिघडलेलं नाही. दुसरा, बिघडलंय पण सांगणारं कोणी उरलेलं नाही. घरबसल्या या दोघांत फरक करता येतो, फक्त करून पाहावा लागतो.

कुष्ठरोग आता कुठे राहिला, असं कोणी म्हणेल. डिसेंबर २००५ मध्ये भारताने दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण हे उद्दिष्ट गाठलं, आणि पुष्कळांनी त्याचा अर्थ रोग संपला असा घेतला. तो संपलेला नाही. आजही देशात वर्षाला सुमारे एक लाख नवे रुग्ण सापडतात, जगातल्या निम्म्याहून अधिक. औषध फुकट आहे, सहा महिने ते वर्षभर घ्यावं लागतं, आणि बहुसंख्य लोकांच्या शरीरात या जंतूला थोपवण्याची ताकद जन्मजात असते. घाबरण्यासारखं यात काही नाही. लपवण्यासारखं तर मुळीच नाही.

पण समजा तुम्हाला तो दूरचा वाटतो. मग जवळचं सांगतो. डायबेटिस. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना तो आहे. हे वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या घरी कोणाला ना कोणाला 'शुगर' असेलच. आमच्या नातेवाइकांत तर मोजायला दोन्ही हातांची बोटं लागतात. वर्षानुवर्षं साखर वाढलेली राहिली की नसा खराब होतात, आणि सगळ्यात लांब नस सगळ्यात आधी. ती एक मीटरवाली आठवते ना? म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून. आधी मुंग्या, रात्री जळजळ, मग हळूहळू शांतता. लोकांना वाटतं, बरं वाटायला लागलं! मग चपलेतला खडा दिवसभर कळत नाही, उन्हातल्या फरशीने तळवा भाजतो, भोवरीखाली जखम होते, आणि बोट कापायची वेळ येते.

नसेच्या दृष्टीने पाहिलं तर दत्तपूरच्या माणसाचा पाय आणि आपल्या शुगरवाल्या काकांचा पाय यांची गोष्ट एकच आहे. खबर थांबली, जखम झाली, कळली नाही. वेल्लोरला कुष्ठरोग्यांसाठी बनलेली मऊ रबराची एमसीआर चप्पल आज शुगरवाल्यांनाही देतात. कुष्ठरोग्यांच्या तळव्यावर बॉलपेनचं टोक हलकेच टेकवून 'कुठे लागलं दाखव' असं विचारणारी तपासणी आणि शुगरवाल्यांच्या तळव्याला नायलॉनचा धागा टेकवून करतात ती तपासणी, बहिणी-बहिणीच आहेत.

फरक आहे तो आपल्या वागण्यात. काकांचा अंगठा कापला तर आपण फळं घेऊन भेटायला जातो. दुसऱ्याचा अंगठा गेला तर त्याच्या मुलीच्या लग्नाची चर्चा करतो. कुष्ठरोग्यांना वेगळं ठेवणारा १८९८ चा इंग्रजांचा कायदा रद्द व्हायला २०१६ उजाडलं, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यातून निघायला २०१९. कायद्याला एवढा वेळ लागला, मनाला किती लागेल कोण जाणे. पण एक गोष्ट मला पक्की वाटते. ही लाज नुसती निर्दय नाही, ती नसा मारते. लाजेने माणूस चट्टा लपवतो आणि लपवण्यात ते सहा महिने निघून जातात.

म्हणून माझं म्हणणं असं: कुष्ठरोगाच्या कामाने वर्ध्याला जे शिकवलं ते आता दत्तपूर आणि हिंदीनगरच्या फाटकाबाहेर, आपल्या घरात आलं पाहिजे. तिथल्या माणसांना शिकवतात: रोज हातपाय बघा, पाण्यात भिजवा, तेल लावा, चप्पल घालण्याआधी झटका. जिथे दुखणं सांगत नाही तिथे डोळ्यांनी विचारायचं. याला खर्च नाही, यंत्र नाही. शाळेत चेतापेशीची आकृती काढायला लावतो त्याच तासाला मुलांना हेही शिकवता येईल. डोळे मिटलेल्या मित्राच्या तळहातावर पेनचं टोक टेकवायचं आणि विचारायचं, कुठे? मुलं घरी जाऊन आजीवर प्रयोग करतील, आणि एखाद्या आजीला सांगता येणार नाही. ते घर वेळेत दवाखान्यात पोचेल.

तोवर आपल्या मंडळींना एक सुचवतो. पुण्याची, नागपूरची, अमेरिकेतली आमची भाचेमंडळी सणावारी घरी आली की वाकून नमस्कार करतातच. पुढच्या वेळी दोन मिनिटं खालीच बसा. शुगर असलेल्या मोठ्यांचे पाय हातात घ्या, तळवे उलटून बघा, बोटांच्या बेचक्यांत बघा. डोळे मिटायला सांगून हळूच स्पर्श करा आणि विचारा, "सांगा बरं, कोणतं बोट?"

ते हसतील, लाजतील, "अगं सोड, काही दुखत नाही मला" म्हणतील. तुम्ही सोडू नका.